पहिलं पान, एकोणिसाव्यांदा

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

माझं वय ४३. एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. घरी नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि दृष्टी अधू झालेल्या सासूबाई. कॉलेजात असताना माझ्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं होतं. लेखिका व्हायचं तेव्हापासून मनात आहे. एका घराण्याच्या तीन पिढ्यांची मोठी कादंबरी डोक्यात तयार आहे. दर वर्षी १ जानेवारीला ठरवते : रोज १००० शब्द, वर्षअखेरीला कादंबरी पूर्ण. यंदा अकरा दिवस टिकलं, गेल्या वर्षी नऊ. एकदा खंड पडला की वही मिटते ती पुढच्या जानेवारीपर्यंत. पहिलं पान मात्र आजवर एकोणीस वेळा लिहून झालंय आणि अजून मनासारखं उतरलेलं नाही. माझ्याच बरोबरीच्या एका मैत्रिणीचं पुस्तक नुकतंच आलं. मी मनापासून अभिनंदन केलं आणि घरी येऊन रडले. नवरा म्हणतो, वर्षभर नोकरी सोड आणि लिहून टाक, घर मी सांभाळतो. पण वर्ष संपलं आणि हाती काहीच लागलं नाही तर? आणि अंगात खरंच काही असतं तर इतक्या वर्षांत काहीतरी झालं नसतं का? नोकरी सोडू, की हे स्वप्नच सोडून देऊ?

*

प्रिय ताई,

वर छापलाय तो तुमच्या पत्राचा सारांश. मूळ पत्र सात पानांचं आहे. मी शब्द मोजले, साडेअकराशेच्या आसपास भरले. शेवटी तुम्ही लिहिलंय, "सव्वादहाला लिहायला बसले होते, साडेअकरा झाले, आता झोपायला हवं." म्हणजे दिवसभर आकड्यांत डोकं घालून, घरातलं सगळं आवरून, तुम्ही एका बैठकीत सव्वा तासात साडेअकराशे शब्द लिहिलेत. आणि लिहिलंत काय, तर रोज हजार शब्द आपल्याच्यानं होत नाहीत!

तुम्हाला शब्दांत पकडायचं म्हणून हे सांगत नाही. पत्र वाचून खाली ठेवल्यावर पहिल्यांदा हेच मनात आलं आणि दोन दिवस तेच घोळत राहिलं. पत्र लिहिताना तुमच्या खांद्यावर कुणी बसलेलं नव्हतं. पहिलं वाक्य झकास जमलंच पाहिजे अशी अट नव्हती. समोर ऐकणारं एक माणूस होतं, सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते सांगून संपवायचं होतं. तुम्ही संपवलंत. माझं पुढचं सगळं म्हणणं या 'संपवलंत'भोवती फिरणार आहे.

तुम्ही दोन वाटा विचारल्यात : नोकरी सोडायची, नाहीतर स्वप्न. माझं मत आधीच सांगून टाकते. आत्ता यातलं काहीही सोडू नका. सोडायचीच असेल तर ती १ जानेवारीची प्रतिज्ञा सोडा. तीच तुम्हाला दर वर्षी नापास करते आहे.

त्या प्रतिज्ञेत काय काय एकत्र झालंय ते जरा सुटं करून पाहू. लेखिका होणं, पुस्तक येणं, नाव होणं, या गोष्टी घडतात तेव्हा त्यात संपादकाची आवड असते, प्रकाशकाचं गणित असतं, परीक्षकाची त्या दिवशीची मनःस्थिती असते. तुमच्या हातात काय आहे? बसणं, लिहिणं, लिहिलेलं शेवटापर्यंत नेणं, पुन्हा हात फिरवणं, पाठवणं. पाठवणं तुमच्या हातात आहे, स्वीकारलं जाणं नाही. हिशेबाच्या वहीत दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम तुम्ही कधी आपली म्हणून धरणार नाही, पण स्वप्नाच्या वहीत सगळं एकाच रकान्यात मांडून ठेवलंय. मग दहा दिवस इमानदारीनं लिहिलं तरी जमेच्या बाजूला शून्यच दिसतं, कारण जमा म्हणून तुम्ही फक्त छापील पुस्तक धरलंय.

आकडा ठरवण्यात चूक नाही, उलट ते बरंच. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी ध्येयांवर कित्येक वर्षं काम केलं. नेमकं आणि थोडं कठीण ध्येय समोर असलं की 'जमेल तेवढं करा' म्हटल्यापेक्षा माणसं जास्त काम करतात, हे त्यांनी पुन:पुन्हा दाखवलं. एवढंच ऐकून लोक मोठमोठे आकडे भिंतीवर चिकटवतात. पण याच संशोधनाचा पुढचा भाग तुमच्यासाठी जास्त मोलाचा आहे. काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल, ते कसं करायचं हेच अजून माणसाला उमगलेलं नसेल, तर फळाचा मोठा आकडा त्याला गोंधळात पाडतो. अशा वेळी ध्येय शिकण्याचं ठेवावं. कॉलेजनंतर तुम्ही दहा पानांची एकही कथा पूर्ण केलेली नाही, हे तुम्हीच लिहिलंय. अशा हाताला एकदम तीन पिढ्या पेलायला सांगणं हा त्या हातावर अन्याय आहे. पहिल्या वर्षाचं ध्येय कादंबरी नसावं. एखादी गोष्ट शेवटाला कशी न्यायची, हे शिकण्याचं असावं.

आणि वेळेचा अंदाज. तो सगळ्यांचाच चुकतो, तुमचा एकटीचा नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३७ विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. त्यांच्या अंदाजाची सरासरी आली ३४ दिवस. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५ पेक्षा जास्त. ही मुलं आळशी नव्हती. काम कसं पार पडेल याचं चित्र डोळ्यांसमोर आणताना माणूस चांगल्या दिवसांचंच आणतो, त्यात तापानं फणफणलेलं मूल नसतं, वर्षअखेरीचे हिशेब नसतात, पाहुणे नसतात. तुमच्या 'रोज हजार'मध्येही ते नव्हते. बाराव्या दिवशी ते आले.

आता तुमच्याच पेशातली आकडेमोड करू. आठवड्याला चार रात्री. रात्री अर्धा तास. अर्ध्या तासात २५० शब्द, कारण सव्वा तासात साडेअकराशे तुम्ही लिहिता हे मला माहीत आहे आणि रोज तो वेग राहणार नाही हेही माहीत आहे. आठवड्याचे झाले १०००. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातले १२ आजारपण, परीक्षा, प्रवास, कंटाळा यांच्या नावानं आधीच खर्ची टाका. उरले ४०. म्हणजे वर्षाला ४०,००० शब्द, हातानं लिहिलेली अडीचशे पानं तरी होतील. एखादी आटोपशीर कादंबरी मावेल एवढं हे लिखाण आहे. तुम्ही दिवसाला जेवढं मागत होता तेवढंच मी आठवड्याला मागतेय, आणि त्यातही बारा आठवडे माफ आहेत. तरी वर्षाखेरी हाती जाड वही आहे. गेल्या दोन जानेवारींची मिळून बेरीज किती होते? वीस दिवस.

'खंड पडला की वही मिटते' हे वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. मी तिथे बराच वेळ थांबले. खंड पडण्यात काहीच वावगं नाही, वही मिटण्यात आहे. लंडनमधल्या एका विद्यापीठात ९६ जणांवर केलेला सवयींचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. त्या सवयी तरी कसल्या, तर पाणी पिणं, थोडं चालणं अशा साध्यासुध्या. लिहिणं त्याहून किती तरी अवघड. तुम्ही बाराव्या दिवशी स्वतःला नापास ठरवलंत तेव्हा परीक्षा नीट सुरूही झालेली नव्हती.

म्हणून सलग किती दिवस झाले हे मोजूच नका. महिन्यात किती बैठका झाल्या ते मोजा. सोळा व्हायला हव्यात. अकरा झाल्या तरी तो महिना जमेत धरायचा. सहा झाल्या तर स्वतःला बोल लावत बसू नका, पुढच्या महिन्यासाठी वेळ बदलून बघा. रात्री डोळे मिटत असतील तर पहाट, पहाट जमत नसेल तर कार्यालयात मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं. आणि अगदीच वाईट दिवसासाठी एक सवलत : एक वाक्य लिहायचं, त्या दिवसाची बैठक झाली.

'वेळ मिळाला की लिहीन' हे मात्र मनातून पुसून टाका. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दाखवलंय की नुसत्या 'करीन'पेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं जोडून ठरवलं तर काम तडीला जाण्याची शक्यता बरीच वाढते. घड्याळातली वेळ चुकते, पण रोज घडणारी एखादी गोष्ट चुकत नाही. तुमच्या घरात अशी एक गोष्ट आहे, ती मला पत्रात सापडली. तिच्याकडे येतेच.

त्याआधी घराबद्दल थोडं. अँथनी ट्रोलोप या इंग्रज कादंबरीकाराचं उदाहरण शिस्तीसाठी नेहमी देतात. टपाल खात्यात नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द, असं करत त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. हे सगळं खरं आहे. पण त्यांच्या आत्मचरित्रातला दुसरा तपशील कुणी सांगत नाही. त्यांना पहाटे उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता, त्या कामाचे वर्षाला ५ पौंड त्याला जास्त मिळत, आणि आपल्या यशाबद्दल त्या माणसाचं ऋण आपल्यावर सर्वांत मोठं आहे, अशी कबुली ट्रोलोप यांनी स्वतः दिली आहे. मला त्यांच्या ४७ कादंबऱ्यांइतकीच ही कबुली मोलाची वाटते. लिहिणाऱ्याचा वेळ कुणीतरी राखून द्यावा लागतो. घर चालवणाऱ्या बाईचा वेळ तर आपोआप कधीच राखला जात नाही. 'घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे' असं तुम्ही लिहिता, आणि पुढच्याच परिच्छेदात, वही उघडली की धाकटा सही घ्यायला येतो, मग मोठीला उद्याचा गणवेश आठवतो. पाठिंबा मनात असतो, त्याचा अर्धा तास करून घ्यावा लागतो. नवरा तुमची वर्षाची कमाई सोडायला तयार आहे म्हणजे माणूस मनानं मोठा आहे. त्याच्याकडे वर्ष मागू नका. आठवड्यातल्या चार रात्री मागा, प्रत्येक रात्री अर्धा तास, दार लोटलेलं, सही, गणवेश, फोन सगळं त्याच्याकडे. वारही ठरवून टाका. मला वाटतं, 'नोकरी सोड' म्हणण्यापेक्षा हे त्याला थोडं जड जाईल, कारण हे दर आठवड्याला करावं लागेल. पण करेल.

आता पहिलं पान.

एकोणीस खर्डे तुम्ही जपून ठेवलेत आणि त्यातले तीन सोबत पाठवलेत. मी ते शेजारी शेजारी मांडून वाचले. पहिल्यात पहाट आहे, 'धुक्याची दुलई पांघरलेला' वाडा आहे. दुसऱ्यातही वाडा, धुक्याच्या जागी पाऊस. एकोणिसाव्यात पुन्हा पहाट, वाक्यं जास्त सफाईदार, विशेषणं जास्त निवडक. तिन्हींत एकही माणूस नाही. दार कुणी उघडत नाही. ताई, भाषेत खोट नाही, ती चांगली आहे. पण तुम्ही उंबरठा घासत बसलात आणि घरात पाऊल टाकायचं राहूनच गेलं. पहिलं पान एकोणीस वेळा लिहिणं हे कष्टाचं काम आहे, त्यात थकवा येतो, झोप मोडते, म्हणून आपण लिहितोय असं वाटतं. मला ते दुसऱ्या पानाला भिणं वाटतं. दुसऱ्या पानावर माणसं बोलू लागतील आणि ती काय बोलतील हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. ते लिहिल्याशिवाय कुणालाच ठाऊक होत नाही.

माझं लिखाण सुरू झालं तेव्हा एका संपादकांकडून माझी कथा साभार परत आली होती. पत्र नेहमीचं, दोन ओळींचं. पण चौथ्या पानाच्या समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता : 'मग?' कथेतली बाई खिडकीपाशी उभी राहते, संध्याकाळ होते, इथे मी कथा संपवली होती, आणि शेवट सूचक झालाय असं मला मनापासून वाटत होतं. 'मग?' वाचलं आणि कानशिलं तापली. पुढे काय झालं हे मला माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही म्हणून मी संध्याकाळ करून टाकली होती. तो पेन्सिलीतला शब्द अजूनही मी प्रत्येक पानाच्या शेवटी स्वतःला विचारते. तुमच्या एकोणिसाव्या खर्ड्याच्या समासात आज तो मी तुमच्यासाठी लिहितेय. मग?

यावर एक नियम पाळून बघा. पहिला खर्डा शेवटपर्यंत जाईतो मागचं पान उलटायचं नाही. काही चुकलंय असं वाटलं तर समासात एक खूण करायची आणि पुढे जायचं. पात्राचं नाव मधेच बदललं तरी चालेल, पाऊस पडत होता की नव्हता यात घोळ झाला तरी चालेल. आणि रात्रीची बैठक संपवताना विषय संपवून उठू नका. पुढचं वाक्य काय आहे हे माहीत असताना, ते न लिहिता उठा. दुसऱ्या रात्री कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही.

पण कादंबरीचा खर्डा आत्ता नको, असं मी वर म्हटलं. मग लिहायचं काय? ते तुमच्याच पत्रात, पाचव्या पानावर आहे. छापण्याची परवानगी तुम्ही दिलीत म्हणून तुमचीच वाक्यं उतरवते :

"आत्तासुद्धा सासूबाई अंथरुणात बसून किल्ल्यांचा जुडगा मोजतायत. दिसत नाही, पण रोज रात्री बोटांनी एकेक किल्ली चाचपून मोजतात. अकरा आहेत. त्यातल्या दोन किल्ल्यांची कुलपं आता कुठेच नाहीत. त्यांना ते माहीत आहे. अकरा भरल्या की जुडगा उशाशी ठेवतात आणि मला म्हणतात, झालं, मालव दिवा."

हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, झोपायला उशीर का होतो ते सांगताना. यात धुकं नाही, दुलई नाही, सजवणारं एकही विशेषण नाही. एक म्हातारी बाई आहे, तिची बोटं आहेत, आणि नसलेल्या कुलपांच्या दोन किल्ल्या ती रोज का मोजते हा प्रश्न आहे. मी ते वाचून पत्र बाजूला ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. तीन पिढ्या, वाडा, काळ, सगळं त्या जुडग्यात आहे, पण त्याचा विचार आत्ता करू नका. आत्ता फक्त एवढीच गोष्ट : दीड हजार शब्द. चार बैठका खर्ड्याच्या, दोन अडखळण्याच्या, दोन पुन्हा हात फिरवण्याच्या. दोन आठवड्यांत गोष्ट पूर्ण. चांगली होईल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण कॉलेजनंतरची तुमची पहिली पूर्ण गोष्ट ती असेल. मग दुसरी. वर्षभरात अशा पाच-सहा गोष्टी शेवटाला नेल्यात तर कादंबरीच्या मध्यावर अडकल्यावर काय करायचं ते हाताला माहीत असेल. हात बसतो म्हणतात तो असाच.

आणि रोज न चुकणारी गोष्ट म्हणाले होते ती हीच. सासूबाईंनी जुडगा मोजायला घेतला की तुम्ही वही उघडायची. नवऱ्याशी बोलताना तीच वेळ मागून घ्या.

नोकरीचं म्हणाल तर ती मुळीच सोडू नये असं माझं म्हणणं नाही. आत्ता सोडलीत तर काय होईल याची मला काळजी वाटते. तुम्हाला कमी पडतोय तो अर्धा तास, आणि त्यासाठी तुम्ही आठ-नऊ तास मोकळे करायला निघालात. ट्रोलोप तर म्हणत की लेखकाला दिवसाला तीन तास पुरेत. उरलेल्या वेळात तुम्ही पगाराचा हिशेब करत बसाल. तुम्हाला तो करताच येतो. आज किती शब्द झाले, त्याचे पैसे किती बुडाले. पहिल्या पानाचे एकोणीस खर्डे होतात त्याचे साठ होतील. वर्ष सरलं आणि पुस्तक झालं नाही, तर नवरा एका शब्दानं बोलणार नाही, पण त्याचं न बोलणं तुम्हाला सहन होणार नाही. मला याच विषयावर पत्रं लिहिणाऱ्यांत निवृत्त झालेले बरेच जण आहेत. अख्खा दिवस मोकळा, टेबल नवं, वही नवी, आणि आठवणींचं पहिलं प्रकरण अजून पहिलंच. वेळेचा तुटवडा खरा असतो, पण नुसता वेळ मिळून लिखाण होत नाही.

हा प्रश्न पुन्हा विचारायची वेळ येईल. कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण होऊन टेबलावर असेल, वर्षाचा घरखर्च बाजूला काढलेला असेल, आणि परत कामावर घेतील की नाही हे लेखी ठाऊक असेल, तेव्हा विचारा. तेव्हाही आधी महिनाभराची बिनपगारी रजा घेऊन बघा. पूर्ण खर्ड्यावर पुन्हा काम करायला सलग वेळ खरोखरच लागतो, तिथे ती रजा कारणी लागेल. ट्रोलोप यांची पहिली कादंबरी १८४७ सालची, टपाल खात्याची नोकरी त्यांनी सोडली १८६७ साली.

'अंगात काही असतं तर' या प्रश्नाचं उत्तर मी काय, कुणीच देऊ शकत नाही, आणि ते मिळेपर्यंत लिहायचं थांबण्याची गरजही नाही. वयाचं मात्र सांगते. टोनी मॉरिसन यांची पहिली कादंबरी १९७० साली आली तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या. प्रकाशन संस्थेत संपादकाची नोकरी, दोन मुलांना एकटीनं वाढवत होत्या, आणि लिहायच्या पहाटे, मुलं उठायच्या आत. नोबेल १९९३ चं. पेनेलपी फिट्झजेराल्ड यांचं पहिलं पुस्तक त्यांच्या वयाच्या ५८ व्या वर्षी आलं, आणि १९७९ चं बुकर पारितोषिक मिळालं तेव्हा त्या ६२ वर्षांच्या होत्या. तुमच्याही बाबतीत तसं होईल असं आश्वासन म्हणून ही नावं सांगत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी कुणी दार बंद करून घेत नाही, एवढंच.

मैत्रिणीच्या पुस्तकाबद्दल रडलात त्याची लाज बाळगू नका. तुम्ही अभिनंदनही खरं केलंत आणि रडलातही खरं. ज्याला ती गोष्ट मनापासून हवी असते त्यालाच असं रडू येतं. जमलं तर तिला एकदा विचारा, पहिला खर्डा पुरा व्हायला किती दिवस लागले, किती वेळा साभार परत आलं. पुस्तकाच्या पाठीवर हे छापलेलं नसतं, आणि तुम्ही आजवर तुमच्या खर्ड्याची तुलना तिच्या छापील पानाशी करत आलात. तीच कदाचित तुमची पहिली वाचक होईल. तुमचं लिखाण वाचायला एकच माणूस निवडा, घरातलं नको, आणि पूर्ण झाल्याशिवाय त्यालाही दाखवू नका. 'मी कादंबरी लिहितेय' असं चारचौघांत सांगणंही काही महिने टाळा. सांगितलं की थोडं समाधान तिथेच मिळून जातं, आणि पुढच्या भेटीत 'कुठवर आली?' हा प्रश्न उभा राहतो.

पाठवण्याचं, छापण्याचं मी मुद्दाम फारसं बोलले नाही. दोन-तीन गोष्टी पूर्ण झाल्या की त्याबद्दल वेगळं पत्र लिहा, तेव्हा सविस्तर बोलू.

येत्या सोमवारपासून म्हणा, जानेवारीची वाट पाहू नका. नवी वहीही आणू नका, घरात अर्धी कोरी एखादी सापडेल. ते एकोणीस खर्डे एका पाकिटात घालून कपाटात वर ठेवून द्या, फाडू नका. गोष्ट पूर्ण झाली की मला एका ओळीत कळवा, कशी झाली ते नको, संपली एवढंच. आणि लिहायला बसण्याआधी सासूबाईंना एकदा जवळ बसून विचारा, त्या दोन किल्ल्या कुठल्या कुलपांच्या होत्या.

तुमची,
सदरलेखिका